मासा कोणत्या नदीचा?

'थाई मागूर' हे नाव वर्तमानपत्रांतून आपल्या सर्वांच्या वाचनात आले असेल. लांब मिशांचा, अंगावर खवले नसलेला हा मासा दाटीवाटीतही भराभर वाढतो, घाण पाण्यातही तगतो, आणि तळ्यातून निसटून नदीत गेला तर तिथले लहान मासे फस्त करतो. म्हणून केंद्र सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही तो चोरून पाळला जातो, आणि तळी मोकळी करून हे मासे नष्ट केल्याच्या बातम्या महाराष्ट्रातूनही येत असतात.

नावावरून हा मासा थायलंडचा वाटतो. पण थायलंड हा त्याच्या प्रवासातला केवळ एक मुक्काम. त्याचे शास्त्रीय नाव आहे क्लॅरियस गॅरिपायनस. गॅरिप ही दक्षिण आफ्रिकेतली एक नदी, नकाशात ती ऑरेंज या नावाने सापडते. बाजारात 'चिलापी' म्हणून मिळणाऱ्या माशाचीही गोष्ट अशीच आहे. या एका नावाखाली निदान दोन जाती विकल्या जातात. एक ओरिओक्रोमिस मोझाम्बिकस आणि दुसरी ओरिओक्रोमिस निलोटिकस. एकीच्या नावात मोझाम्बिक देश, तर दुसरीच्या नावात नाईल नदी.

बाजारातले नाव पत्ता चुकवते आणि शास्त्रीय नाव पत्ता सांगते, असे इथे झाले आहे. आफ्रिकेतल्या माशांचे हे पत्ते कोणी लिहून ठेवले, कसे लिहिले, आणि ते आज आपल्या काय कामाचे, हे या लेखात पाहू.

नव्या जातीचे वर्णन म्हणजे काय?

एखादा मासा 'नवा' आहे असे म्हणायला तो शास्त्रज्ञाला नवा वाटून चालत नाही. तो पकडून मद्यार्कात किंवा तत्सम द्रावणात टिकवावा लागतो. मग मोजमाप सुरू होते. पाठीवरच्या परात काटे किती, मऊ शलाका किती, अंगाच्या कडेने जाणाऱ्या पार्श्वरेषेवर खवले किती, डोक्याची लांबी धडाच्या किती पट, दातांचा आकार कसा. या साऱ्याची जवळच्या ज्ञात जातींशी तुलना करायची, फरक दाखवायचा, दोन शब्दांचे नाव द्यायचे आणि ते छापून प्रसिद्ध करायचे. दोन शब्दांपैकी पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो संग्रहालयात कायमचा जपायचा, म्हणजे पुढे शंका आली तर कोणालाही बरणी उघडून पाहता यावे.

त्या बरणीत आणखी एक वस्तू असते. मासा कुठे सापडला, केव्हा आणि कोणी पकडला हे लिहिलेली एक लहानशी चिठ्ठी. पक्षी डोंगर ओलांडून जाऊ शकतो, वनस्पतीचे बी वाऱ्यावर उडते. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना मात्र दोन नद्यांमधली जमीन ओलांडता येत नाही आणि समुद्राचे खारे पाणीही मानवत नाही. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक नदीचे खोरे हे एक बेटच असते. बेटावरच्या प्राण्यांप्रमाणे त्यांचीही वेगवेगळ्या खोऱ्यांत वेगवेगळी उत्क्रांती होते. म्हणून माशाच्या वर्णनात 'कुठला?' हा प्रश्न 'कसा?' या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

नाईलचे मासे आणि दोन संग्राहक

या कामाची सुरुवात नाईलपासून झाली. स्वीडनचा कार्ल लिनियस आपल्या विद्यार्थ्यांना दूरदूरच्या देशांत नमुने गोळा करायला पाठवत असे. त्यांतला फ्रेडरिक हॅसलक्विस्ट १७४९ साली निघाला आणि इजिप्तमध्ये जाऊन त्याने वनस्पती, प्राणी, मासे असे बरेच काही जमवले. परतीच्या वाटेवर स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझ्मीर, इथे १७५२ च्या फेब्रुवारीत तो मरण पावला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याच्यावर कर्ज होते, म्हणून सावकारांनी त्याचा संग्रह आणि टिपणे अडकवून ठेवली. शेवटी स्वीडनच्या राणीने पैसे भरून तो ठेवा सोडवला. लिनियसने १७५७ मध्ये हॅसलक्विस्टचे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले आणि १७५८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नाईलच्या माशांना नावे दिली. आजचा ओरिओक्रोमिस निलोटिकस, म्हणजे आपली एक चिलापी, आणि नाईल पर्च म्हणून ओळखला जाणारा लेट्स निलोटिकस या दोन्ही जातींची नोंद त्या ग्रंथापासूनची आहे.

पन्नासेक वर्षांनी नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर शास्त्रज्ञांचा एक मोठा तांडाही होता. त्यात एत्येन जॉफ्रॉय सँतिलेर हा सव्वीस वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ होता. नाईलच्या कोळ्यांकडून त्याला एक विलक्षण मासा मिळाला. त्याच्या पाठीवर एकाऐवजी लहान लहान परांची रांग होती, अंगावर चिलखतासारखे कठीण खवले होते, आणि पोटात फुप्फुसासारख्या दोन पिशव्या होत्या. १८०२ मध्ये त्याने या माशाचे नाव ठेवले पॉलिप्टेरस बिचिर. पॉलिप्टेरस म्हणजे पुष्कळ परांचा, आणि बिचिर हे कोळ्यांच्या तोंडचे अरबी नाव. पाण्यातले प्राणी जमिनीवर कसे आले या प्रश्नाच्या अभ्यासात या माशाला पुढे मोठे महत्त्व आले.

हा संग्रह युरोपात पोचला तोही सहजासहजी नाही. १८०१ मध्ये फ्रेंचांनी अलेक्झांड्रियात शरणागती पत्करली तेव्हा शास्त्रज्ञांचे संग्रह आपल्या हवाली करावेत अशी इंग्रजांची अट होती. जॉफ्रॉयने साफ नकार दिला. संग्रह देण्यापेक्षा आम्ही तो स्वतः जाळून टाकू, असे त्याने बजावले. इंग्रजांनी माघार घेतली आणि बरण्या पॅरिसला गेल्या.

गॅरिप आणि झांबेझी

दक्षिणेकडची कथा बैलगाडीतून सुरू होते. विल्यम बर्चेल हा इंग्रज निसर्गअभ्यासक १८११ मध्ये केपटाऊनहून निघाला आणि चार वर्षे दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात फिरला. त्याने पन्नास हजारांहून अधिक नमुने जमवले. त्यांत बहुतांश वनस्पती होत्या, पण गॅरिप नदीत सापडलेल्या एका मिशाळ माशाचीही त्याने दखल घेतली. १८२२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने या माशाला नदीचेच नाव दिले. नदीचे ऑरेंज हे युरोपीय नाव तेव्हा रूढ झालेले होते, पण बर्चेलने स्थानिक खोईखोई लोकांचा शब्द घेतला. योगायोग असा की त्याच १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्या देशी मागूरचे वर्णन केले, तेही 'मागूर' हे इथल्या लोकांचे नाव कायम ठेवून. आज ज्या दोन माशांची एकमेकांशी गल्लत होते, त्यांची शास्त्रातली जन्मनोंद एकाच वर्षाची आहे.

पूर्व किनाऱ्यावर विल्हेल्म पीटर्स हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ १८४० च्या दशकात कित्येक वर्षे मोझाम्बिकमध्ये राहून झांबेझीच्या परिसरात हिंडला. बर्लिनला परतल्यावर त्याने या प्रवासावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातला एक खंड, १८६८ मध्ये आलेला, खास नद्यांतल्या माशांवर आहे. त्याआधी, १८५२ मध्येच, त्याने तिथल्या एका माशाचे 'मोझाम्बिकस' असे नामकरण केले होते. तीच आपली दुसरी चिलापी.

तिच्या पहिल्या नावाची, म्हणजे ओरिओक्रोमिसची गोष्टही गमतीची आहे. हे नाव १८८९ मध्ये किलिमांजारोच्या पायथ्याच्या चाला सरोवरातल्या माशासाठी तयार झाले, आणि त्यातल्या 'ओरिओ' या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे डोंगर. चिलापीचे मासे बराच काळ 'टिलापिया' या एकाच प्रजातीत मोडत. एथेलविन ट्रेवावस या ब्रिटिश विदुषीने आयुष्यभर या गटाचा अभ्यास केला आणि १९८३ च्या आपल्या ग्रंथात त्यांची फेरमांडणी केली. खवले-काट्यांइतकेच महत्त्व तिने पिलांच्या संगोपनाला दिले. काही जाती तळाशी अंडी घालून राखण करतात, तर काहींत मादी अंडी तोंडात धरून उबवते. मादीने तोंडात अंडी सांभाळणाऱ्या जाती ओरिओक्रोमिसमध्ये गेल्या. अशा रीतीने सपाटीवरच्या तलावातला मासाही डोंगराचे नाव धारण करून बसला.

मेरी किंग्जलीच्या बरण्या

पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांची माहिती यायला आणखी वेळ लागला. तिथे जाणारे बरेच युरोपीय हिवतापाने मरत. १८९३ मध्ये मेरी किंग्जली ही तीस वर्षांची इंग्रज स्त्री तिथे एकटी गेली. ती कधी शाळेत गेलेली नव्हती, वडिलांच्या पुस्तकांवरच शिकली होती. आईवडील १८९२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने वारले, तोपर्यंत घरच्या शुश्रूषेतून तिला मोकळीक नव्हती. पहिल्या प्रवासातून तिने आणलेले मासे ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट ग्युंथर यांना पसंत पडले, आणि १८९४ च्या अखेरीस ती पुन्हा निघाली तेव्हा नमुने जपण्याचे साहित्य त्यांनीच पुरवले.

आजच्या गॅबॉनमधल्या ओगोवे नदीत ती स्थानिक नावाड्यांबरोबर होडीतून खडकाळ, उसळत्या प्रवाहात वरपर्यंत गेली. खर्चासाठी ती व्यापार करी. कापड, तंबाखू आणि माशांचे गळ द्यायचे, बदल्यात रबर आणि हस्तिदंत घ्यायचे. मासे मिळत ते गावातल्या लोकांच्या जाळ्यांतून आणि सापळ्यांतून. १८९६ मध्ये ग्युंथर यांनी तिच्या संग्रहाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तीन नव्या माशांना तिचे नाव दिले. त्यांतला एक म्हणजे सोंडमाशांच्या कुळातला मॉर्मायरस किंग्जलीए. त्याचे आजचे नाव पॅरामॉर्मायरॉप्स किंग्जलीए आहे, आणि पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे. मेरी किंग्जली १९०० साली दक्षिण आफ्रिकेत युद्धकैद्यांची शुश्रूषा करताना विषमज्वराने वारली.

लंडनमधला माणूस

ग्युंथर यांच्यानंतर हे काम पुढे नेले ते जॉर्ज आल्बर्ट बूलेंजर यांनी. जन्म ब्रुसेल्सचा, नोकरी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. त्यांनी एकूण १०९६ जातींच्या माशांची प्रथम वर्णने केली. १९०१ मध्ये त्यांचा काँगो खोऱ्यातल्या माशांवरचा ग्रंथ आला, १९०७ मध्ये नाईलवरचा, आणि १९०९ ते १९१६ या काळात आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातल्या माशांची चार खंडांची सूची. आजही आफ्रिकी माशांचा अभ्यास करणाऱ्याला बूलेंजर टाळून पुढे जाता येत नाही.

पण बूलेंजर यांच्या टेबलावर आलेल्या बरण्या कोणाच्या? काँगोचे पुष्कळसे नमुने तिथल्या 'मुक्त राज्या'च्या अधिकाऱ्यांनी पाठवलेले होते. हे राज्य म्हणजे १८८५ ते १९०८ या काळात बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ताच होती, आणि रबरासाठी तिथल्या प्रजेवर झालेले अत्याचार इतिहासात कुप्रसिद्ध आहेत. रबर आले त्याच वाटेने मासेही आले. बरणीवरच्या चिठ्ठीत अधिकाऱ्याचे नाव असे, कधी कधी तेच माशाच्या नावातही येई. ज्याने जाळे टाकले त्याचे नाव मात्र क्वचितच लिहिले गेले. कोणता मासा कोणत्या ऋतूत, कोणत्या डोहात सापडतो हे त्या जाळेवाल्याला ठाऊक होते. ती माहिती चिठ्ठीवर उतरली नाही, आणि हे शास्त्राचेही नुकसान झाले.

शिवाय 'काँगो' एवढाच पत्ता असेल तर त्यातून काय कळणार? ही नदी ४,७०० किलोमीटर लांब आहे. किन्शासाच्या खाली तीनशेहून अधिक किलोमीटर ती खडकांतून उसळत धावते. या पट्ट्यात प्रवाहाचा जोर एवढा आहे की थोड्या अंतरावर राहणाऱ्या माशांचाही एकमेकांशी संबंध तुटतो आणि त्यांच्या वेगळ्या जाती होतात. १९७६ मध्ये रॉबर्ट्‌स आणि स्टुअर्ट या संशोधकांनी इथल्या एका फिकट, आंधळ्या माशाचे वर्णन केले. त्याचे नाव लॅम्प्रोलोगस लेथॉप्स. गुहेत राहणाऱ्या माशासारखा हा मासा उघड्या नदीत कसा, हे कोडे होते. पुढे मोजणी झाली तेव्हा नदी इथे काही ठिकाणी दोनशे मीटरहून खोल असल्याचे आढळले. तिच्या तळाशी कायमचा अंधार असतो.

चिठ्ठ्या जुळवल्यावर

एकेक चिठ्ठी म्हणजे एक पत्ता. पण शेकडो चिठ्ठ्या एकत्र मांडल्या की नवेच काही दिसू लागते.

आपल्या 'थाई मागूर'चेच पाहा. गॅरिपमधल्या माशाला बर्चेलने १८२२ मध्ये नाव दिले. नाईलमधल्या तशाच माशाला १८४० मध्ये 'लाझेरा' नाव मिळाले, सेनेगलमधला 'सेनेगालेन्सिस' झाला, मोझाम्बिकमधला पीटर्सने १८५२ मध्ये 'मोझाम्बिकस' म्हटला. जितक्या नद्या तितकी नावे. बेल्जियमच्या गी तोखेल्स यांनी जुने नमुने काढून पुन्हा मोजमापे घेतली आणि १९८६ च्या ग्रंथात दाखवून दिले की हे सर्व एकाच जातीचे मासे आहेत. नियमानुसार सर्वांत जुने नाव टिकले, ते गॅरिपायनस. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत थोडे अंतर जाऊ शकतो. त्यामुळे बेटांचा नियम त्याला फारसा लागू पडला नाही.

नाईल, चॅड सरोवर आणि नायजर यांच्या माशांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर कितीतरी नावे सामाईक निघतात. यांच्या मध्ये आज कोरडी जमीन आणि वाळवंट आहे. मग मासे पोचले कसे? सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी सहारात चांगला पाऊस पडत होता, नद्या आणि सरोवरे होती, हे आता इतर पुराव्यांवरूनही स्पष्ट झाले आहे. सहाराच्या डोंगरांतल्या काही एकाकी डोहांत आजही मागूरच्या या आफ्रिकी भावंडांचे थवे आढळतात. नाहीशा झालेल्या नद्यांची खूण माशांनी राखून ठेवली आहे.

याउलट, एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या असू शकतात. मेरी किंग्जलीच्या सोंडमाशाचे कूळ शेपटीतून विजेचे अगदी क्षीण ठोके सोडते आणि त्यांच्या साहाय्याने गढूळ पाण्यात वाट काढते, जोडीदार ओळखते. माशांच्या अशा क्षीण विजेचा शोध हान्स लिसमन यांनी १९५१ मध्ये नाईलच्या एका माशावर लावला. पुढे अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल हॉपकिन्स आणि त्यांचे सहकारी गॅबॉनच्या नद्यांवर उपकरणे घेऊन गेले. दिसायला जवळजवळ सारखे मासे निरनिराळ्या तऱ्हेचे ठोके देत होते. खवले मोजून जे कळत नव्हते ते विजेने कळले आणि अनेक नव्या जाती उघडकीला आल्या. २०१६ मध्ये याच प्रदेशातून सोंडमाशांची क्रिप्टोमायरस ही नवी प्रजाती जाहीर झाली. तिचे अवघे तीन नमुने हाती आले होते, तेही तेरा वर्षांच्या अवधीत.

पत्ता पुसला गेला तर?

आता चिलापीकडे परत येऊ. मोझाम्बिकस हा मासा १९३९ मध्ये जावा बेटावर सापडला. तो आफ्रिकेतून तिथे नेमका कसा गेला याची नोंद नाही. तिथून तो आशियाभर पसरला. भारतात तो १९५२ मध्ये मुद्दाम आणला गेला. मागाहून निलोटिकसही आला. स्वस्त मासा मिळाला, अनेक कोळी कुटुंबांचा संसार त्यावर चालू लागला, हे खरेच. पण उजनीसारख्या जलाशयांत जाळ्यात चिलापीच अधिक आणि मूळचे मासे कमी, अशी स्थितीही झाली.

आशियातल्या तळ्यांत या दोन जातींचा संकर होत गेला. मूळ आणलेले मासे थोडेच असल्याने वाणही कमकुवत झाले. म्हणून १९८८ मध्ये फिलिपाईन्समध्ये सुधारित वाणाचे काम सुरू झाले तेव्हा शास्त्रज्ञांना इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधून निलोटिकसचे रानटी मासे पुन्हा आणावे लागले. मूळ नदीत मूळ मासा शिल्लक होता म्हणून हे जमले.

पण तो तसाच शिल्लक राहील याची खात्री नाही. शेतीसाठी म्हणून नेलेला निलोटिकस दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो नदीत शिरला आणि तिथल्या मूळच्या मोझाम्बिकसशी त्याचा संकर होऊ लागला. जो मासा आपल्याकडे डोईजड झाला आहे, तोच त्याच्या घरी आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० आणि १९६० च्या दशकांत सोडलेल्या नाईल पर्चने तर तिथल्या शेकडो लहान जातींपैकी कितीतरी संपवल्या. त्यांतल्या अनेकींचे वर्णनही झालेले नव्हते.

अशा वेळी दीडशे वर्षांपूर्वीची बरणी साक्षीदार बनते. संकर होण्याआधीचा मासा कसा होता, कुठे होता, हे तीच सांगू शकते. चिठ्ठी नसेल तर बरणीत उरतो तो फक्त एक मेलेला मासा.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. वर्गातल्या मुलांना गावातल्या नदीवर किंवा बाजारात नेऊन दिसेल त्या माशाची नोंद करायला सांगावे. लोकांच्या तोंडचे नाव, कुठल्या पाण्यातला, नदीचा कोणता भाग, तारीख, जाळ्याने की गळाने पकडला, आणि पकडणाऱ्याचे नाव. शास्त्रीय नाव कळले नाही तरी हरकत नाही, ते पुढे कोणी तज्ज्ञ सांगू शकेल. बाकीची माहिती मात्र त्या दिवशी, त्या काठावरच मिळते. पाच-दहा वर्षे अशी वही चालली तर गावच्या नदीत कोणता मासा कमी होत गेला आणि कोणता बाहेरून आला, हे शाळेलाच सर्वांआधी कळेल.